लोकरीतला पिकासो

तेओतित्लानच्या रस्त्यावर एके काळी पिकासो दोरीवर वाळत घातलेला दिसायचा. शेजारी मिरो, त्याच्या पलीकडे एशरचे एकमेकांत अडकलेले मासे. अमेरिकन पर्यटक गाडीतून उतरायचे, कोपरा चिमटीत धरून पाहायचे आणि विचारायचे, हाच पिकासो जरा मोठ्या मापात मिळेल का? मिळायचा. माप वाढलं की लोकर वाढायची, मागावरचे दिवस वाढायचे, त्या हिशेबानं किंमत वाढायची. पिकासोच्या नावाचे वेगळे पैसे पडत नसत. विणणाऱ्याच्या नावाचे तर नाहीच.

तेओतित्लान देल व्हाये हे गाव मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका राज्यात आहे. (स्पेलिंगकडे पाहून आपल्याकडे कुणी ‘ओक्साका’ म्हणतं. उच्चार वाहाका.) राजधानीचं शहरही वाहाकाच. तिथून पूर्वेला त्लाकोलुलाच्या खोऱ्यात शिरलं की अर्ध्या-पाऊण तासात डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागतं. ‘तेओतित्लान’ हे नाव अझ्टेकांच्या नावात्ल भाषेतलं, अर्थ ‘देवांची जागा’. गावकरी मात्र सापोतेक बोलतात आणि त्यांच्या भाषेत गावाचं नाव आहे शागिये, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव. गावातलं चर्च जुन्या सापोतेक देवळाच्या दगडांवर उभं आहे, आणि हे कुणाला खोदून शोधावं लागलं नाही. चर्चच्या भिंतीत कोरीव दगड उघडेच दिसतात. ज्यांनी देऊळ पाडलं त्यांना दगड फुकट मिळाले, आणि ज्यांचं देऊळ होतं त्यांना आपले देव कुठे गेले ते कळत राहिलं.

हे असं एकावर एक रचणं या गावाच्या विणकामातही आहे, म्हणून दगडांपासून सुरुवात केली.

स्पॅनिश येण्याआधी इथे विणलं जायचं ते सूत, आणि तेही कमरेच्या मागावर. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेमागून घ्यायचा आणि अंगाच्या वजनानं ताण धरायचा. हे काम मुख्यतः बायकांचं होतं. कापडाचा पन्हा विणणारीच्या हाताच्या पल्ल्याएवढा. सोळाव्या शतकात डोमिनिकन धर्मगुरू आले. त्यांच्याबरोबर मेंढ्या आल्या, रहाट आला आणि पावड्यांचा लाकडी माग आला. त्या मागावर पुरुष बसले. कापड रुंद झालं, सुताऐवजी लोकर आली, आणि गाव घोंगड्या विणू लागलं. आज ज्याला अस्सल सापोतेक परंपरा म्हणून दुकानात मांडतात, त्यातला माग स्पॅनिश आहे, मेंढी स्पॅनिश आहे. नक्षी तेवढी जुनी, आणि तीही सगळी नाही.

घोंगडीचा गालिचा झाला तो फार अलीकडे. पॅन-अमेरिकन महामार्ग १९४०च्या दशकात वाहाकापर्यंत पोचला आणि गाड्या येऊ लागल्या. अंगावर पांघरायची जाड घोंगडी घेऊन टेक्ससचा माणूस करणार काय? जमिनीवर अंथरणार किंवा भिंतीवर टांगणार. १९७०च्या दशकापर्यंत गावाचा मुख्य माल ‘तापेते’ झाला होता. आपल्या सतरंजीसारखा, केस नसलेला, सपाट विणीचा, पण लोकरीचा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी नवी मागणी आणली. आमच्या नैऋत्येकडच्या नावाहो लोकांचे गालिचे महाग पडतात, त्यांच्यासारखी नक्षी तुम्ही स्वस्तात विणून द्याल का? गावानं विणून दिली. एका आदिवासी समाजाची नक्षी दुसऱ्यानं विणली, तिसऱ्यानं विकली आणि चौथ्यानं सांता फेच्या बैठकीत अंथरली. याबद्दल नाक मुरडणं सोपं आहे. पण माग चालता ठेवायचा असेल तर मागणी येईल ते विणावं लागतं, हे येवल्यातला किंवा इचलकरंजीतला माणूस आपल्याला समजावून सांगू शकेल.

तर प्रश्न असा, की पिकासो विणणारा माणूस कारागीर की कलावंत?

*

याचं उत्तर मागावरच शोधायला हवं. तेओतित्लानची वीण आणि पैठणीच्या पदराची वीण ही तत्त्वानं सख्खी भावंडं आहेत, एवढं सांगितलं की मराठी वाचकाला बाकीचं कळतं. साध्या कापडात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. इथे तसं नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आणि ती आपल्या रंगाच्या हद्दीपुरतीच जाते आणि परत फिरते. शेजारचा रंग तिथून पुढे चालू होतो. येवल्यात या कांड्यांना तिल्ल्या म्हणतात. पदरावर मोर येतो तो वरून टाचलेला नसतो, कापड आणि मोर एकाच वेळी जन्माला येतात. म्हणून हातमागाच्या पैठणीला उलट-सुलट नसते. माझी आजी पैठणी हातात घेतली की पहिल्यांदा पदर उलटा करून बघायची. मागे लोंबते धागे दिसले की बोलणंच संपायचं.

तेओतित्लानचा गालिचाही तसाच, दोन्ही बाजूंनी सारखा. मात्र तिथे आडवा धागा जाड असतो आणि फणीनं इतका ठोकून बसवतात की उभा ताणा दिसतच नाही. सगळं चित्र बाण्याचं.

आता अशा विणीत रेषा कशी निघते ते पाहा. रंगाची हद्द प्रत्येक ओळीला एक-दोन धागे सरकवत नेली की तिरपी रेषा मिळते. पायऱ्या-पायऱ्यांची, पण मिळते. म्हणून चौकडी, शंकरपाळा, पायऱ्यांची नागमोड या नक्षी मागाला आवडतात. तेओतित्लानपासून जवळच मित्ला नावाचं जुनं सापोतेक नगर आहे. तिथल्या भिंतींवर दगडाचे हजारो लहान तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवून पायऱ्यांची आणि वळशांची नक्षी केली आहे. गावातले विणकर ती नक्षी पिढ्यान्‌पिढ्या विणतात. ती दगडातून कापडात आली, की कापडातून दगडात गेली, यावर वाद घालायला मजा येईल. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. त्या भिंती पाहिल्या की कुणीतरी विणकरीण दगडफोड्यांवर देखरेख करत होती असंच वाटतं.

गोलाई मात्र मागाला आवडत नाही. गोल काढायचा तर प्रत्येक ओळीला किती धागे सोडायचे याचा हिशेब बदलतो, आणि हिशेब जरा चुकला की वर्तुळाचा बटाटा होतो. पिकासोच्या बाईचा गाल, मिरोचा तरंगता ठिपका हे लोकरीत उतरवायला मित्लाच्या नक्षीपेक्षा जास्त कसब लागतं. म्हणजे ज्या गालिच्यांना जाणकार ‘पर्यटकी माल’ म्हणून हसत होते, त्यात हात जास्त तयार होत होते. हे नंतर उपयोगी पडलं.

*

अर्नुल्फो मेंदोसा १९५४मध्ये याच गावात, विणकराच्या घरात जन्मला. विणकराच्या घरात माग हे फर्निचर नसतं, घराचा खांब असतो. लोकर पिंजण्यापासून मुलाचे हात कामाला लागतात, मग कांड्या भरणं, मग बाजूला उभं राहून बघणं, आणि पाय पावडीला पोचले की मागावर बसणं. अर्नुल्फोही तसाच बसला. पण त्याला चित्रं काढायची होती. तो वाहाका शहरात चित्रकला शिकायला गेला आणि रुफिनो तामायोच्या नावानं १९७४मध्ये सुरू झालेल्या कार्यशाळेत रंगला.

तामायोचं नाव इथे निव्वळ पाटीवरचं नाही. हा १८९९मध्ये वाहाकातच जन्मलेला, सापोतेक वंशाचा चित्रकार. आई गेल्यावर मेक्सिको सिटीत नात्यातल्या फळविक्रेत्यांकडे वाढला. त्याच्या चित्रांमधली कलिंगडं तिथून आली असं सांगतात, आणि ते न मानण्याचं काही कारण दिसत नाही. भित्तिचित्रकार रिव्हेरा आणि त्याचे सोबती भिंतीभर क्रांती रंगवत असताना तामायो शांतपणे लाल, जांभळा, मातकट रंग एकमेकांवर घासत बसला होता. त्यानं आयुष्यभर जमवलेल्या जुन्या मूर्तींचं संग्रहालय वाहाकाला दिलं, तेही १९७४मध्येच उघडलं. प्राचीन वस्तू इतिहासाचे पुरावे म्हणून नव्हे, शिल्पं म्हणून पाहा, असा त्याचा आग्रह होता. विणकराच्या मुलाला त्या वयात हे ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट. आपल्या घरातल्या वस्तूकडेही असं पाहता येतं, ही शंका तिथेच मनात शिरली असणार.

पुढे मेंदोसानं दोन्ही केलं. कॅनव्हासवर रंगवलंही आणि मागावर विणलंही. यातल्या चित्रांबद्दल फार लिहिणार नाही. ती चांगली आहेत, पण वाहाकात चांगले चित्रकार दर गल्लीला आहेत. मेंदोसाची गंमत मागावर आहे, आणि तीही नव्यापेक्षा जुन्यात.

त्यानं ‘साल्तियो सारापे’ हातात घेतला. साल्तियो हे उत्तर मेक्सिकोतलं शहर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या नावानं जे सारापे प्रसिद्ध झाले, ते घोड्यावरून फिरणाऱ्या जमीनदारांचे शेले. मधोमध मोठा शंकरपाळा, त्यात शंकरपाळे, त्यात आणखी शंकरपाळे. रंगांची उतरंड इतकी बारीक की डोळ्यांना मधला भाग हलल्यासारखा वाटतो. त्यांचा धागा इतका तलम होता की पुढे यंत्राच्या काळात तशी वीण कुणालाच परवडेना, आणि सारापे म्हणजे पर्यटकांनी खांद्यावर टाकायचा भडक पट्ट्यापट्ट्यांचा पंचा झाला. मेंदोसा मागे गेला तो त्या तलमपणापर्यंत. बारीक लोकर, रेशीम, आणि सोन्या-चांदीची तार. पैठणीच्या जरीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना यात नवल वाटणार नाही. पण तेओतित्लानमध्ये, जिथे घोंगडी जाड असणं हाच तिचा गुण, तिथे रेशमात जर घालून विणणं ही बंडखोरी होती. आणि शंकरपाळ्याच्या त्या रचनेत तो चित्रकाराचे रंग घेऊन उतरला. रंगछटा कुठे थांबवायची, कुठे अचानक तोडायची, हे कार्यशाळेतून आलं. हात मात्र घरचे.

हे करताना तो सापोतेकांचं काही करत होता का? कठोरपणे बोलायचं तर साल्तियो हे शहर वाहाकापासून शेकडो मैल दूर आणि ती नक्षी सापोतेकांची नव्हे. पण मागही त्यांचा नव्हता आणि मेंढीही नव्हती. परक्याची गोष्ट आणायची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या इतकी विणायची की तिच्यावर दुसऱ्या कुणाचा दावाच उरू नये, हीच या गावाची खरी परंपरा असेल तर मेंदोसा अगदी परंपरेत बसतो.

मग किंमत आली. वाहाका शहरात मासेदोनियो अल्काला नावाचा पादचारी रस्ता आहे. सांतो दोमिंगोच्या सोनेरी चर्चकडे जाणारा, दोन्हीकडे जुनी दगडी घरं. त्या रस्त्यावर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेंदोसानं पत्नी मेरी जेन गान्ये हिच्याबरोबर ‘ला मानो माहिका’, म्हणजे ‘जादूचा हात’, नावाची गॅलरी उघडली. मेरी जेन कॅनडाची. तिनं पुढे तेओतित्लानच्या सणवारांवर आणि खाण्यापिण्यावर सुरेख पुस्तक लिहिलं. या गॅलरीत मातीची भांडी, लाकडी प्राणी, मुखवटे आणि विणकाम हे चित्रांच्या बरोबरीनं टांगलेलं असायचं, आणि करणाऱ्याच्या नावासकट. मेंदोसाचे सारापे तिथे हजारो डॉलरना जात. अर्ध्या तासाच्या अंतरावर गावात त्याच मापाचा गालिचा किती दिवस लागले यावर विकला जायचा. इथे कुणी विणला यावर.

कलावंत आणि कारागीर यांच्यातला फरक शोधायला सौंदर्यशास्त्राचे जाडजूड ग्रंथ लिहिले गेले. मला तो या दोन पावत्यांमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतो. माझ्या आजीच्या पैठणीची किंमत घरात अजून सांगितली जाते, कोणत्या पेढीतून घेतली तेही. विणली कुणी, हे कुणालाच ठाऊक नाही. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते गावाच्या नावाचं रक्षण करतं, माणसाच्या नावाचं नाही.

*

आता रंगांकडे येतो. खरं तर इथूनच सुरुवात करायचा मोह होता, कारण तेओतित्लानला जाणारा प्रत्येक जण तेच सांगतो. घरात पाहुणा आला की विणकर तळहातावर राखाडी रंगाचा, वाळलेल्या मिरीसारखा एक दाणा ठेवतो आणि बोटानं चिरडतो. तळहात लालभडक. वर लिंबू पिळतो, लाल रंग नारिंगी होतो. मग चिमूटभर सोडा टाकतो, तो जांभळा होतो. पाहुणा ‘अहाहा’ म्हणतो. शंभर वेळा केलेला खेळ, पण रसायनशास्त्र खरं आहे. दाणा म्हणजे कोचिनीया नावाचा कीटक, त्यात कार्मिनिक आम्ल, आणि ते आम्लाला एक रंग दाखवतं नि अल्कलीला दुसरा.

हा कीटक नोपाल निवडुंगाच्या फडांवर पांढऱ्या बुरशीसारखा चिकटून राहतो. रंग फक्त माद्यांमध्ये असतो. त्यांना पंख नसतात, एकदा सोंड रोवली की त्या हलत नाहीत. साधारण तीन महिन्यांनी काडीनं खरवडून काढायच्या, वाळवायच्या आणि पाट्या-वरवंट्यासारख्या ‘मेताते’वर वाटायच्या. एक किलो दाण्यांना सुमारे दीड लाख कीटक लागतात. स्पॅनिश अमलात मेक्सिकोतून युरोपला जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत या किड्यांची होती, आणि त्यांचं मोठं आगर होतं वाहाका. मासेदोनियो अल्कालावरची ती दगडी घरं आणि सांतो दोमिंगोचं सोनं यांत नोपालवरच्या किड्यांचा वाटा मोठा आहे. गाळलेला घाम आदिवासींचा.

स्पेननं हे गुपित अडीचशे वर्षं जपलं. युरोपात लोक भांडत राहिले की हे बी आहे, फळ आहे की प्राणी. १७७७मध्ये तिएरी द मेनोंव्हिल नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक वाहाकात आला आणि कीटकांसकट निवडुंगाची फडं पेटाऱ्यात लपवून हैतीला पळवून घेऊन गेला. ही चोरी फारशी फळली नाही. इंग्रजांनीही प्रयत्न केला, आणि तो आपल्याशी संबंधित आहे. १७९५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी ब्राझीलहून असे कीटक भारतात आणले गेले. पण आणणाऱ्यानं भलतीच जात उचलली. रंग निकृष्ट, भूक मात्र जबर. किड्यांनी निवडुंग खाऊन टाकला आणि कंपनीच्या पदरात काही पडलं नाही. गंमत म्हणजे हा धडा पुढे कामी आला. माजलेल्या फड्या निवडुंगाचा बंदोबस्त करायला १९२६मध्ये या कुळातली दुसरी एक जात दक्षिण भारतात मुद्दाम आणून सोडली आणि तिनं मैलोन्‌मैल माळरान मोकळं केलं. तेओतित्लानमध्ये ज्याच्यासाठी निवडुंग जपतात, त्याच्याच भावबंदाकडून आपण निवडुंग मारून घेतला.

‘किरमिजी’ हा आपला शब्दही मुळात किड्याचाच. अरबी-फारसीतल्या ‘किर्मिझ’वरून आलेला, तो जुन्या जगातल्या एका रंगकीटकाचा. इंग्रजीतला ‘क्रिम्झन’ त्याचा सख्खा भाऊ. नवा कीटक आला, जुना मागे पडला, शब्द मात्र तोच राहिला.

या लालाचा दुसरा प्रवास चित्रांच्या दुनियेत झाला. व्हेनिसच्या चित्रकारांपासून व्हॅन गॉगपर्यंत अनेकांच्या रंगपाटीवर हा मेक्सिकन लाल होता. २०१७मध्ये मेक्सिको सिटीच्या बेयास आर्तेस राजवाड्यात ‘रोहो मेहिकानो’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. युरोपातली नामवंत चित्रं आणि कोचिनीयानं रंगवलेली कापडं एकाच छताखाली. भिंतीवर ज्याला कलाकृती म्हणतात आणि जमिनीवर ज्याला गालिचा म्हणतात, त्या दोघांचा लाल एकाच फडावरचा.

एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले. १८५६मध्ये पर्किनचा जांभळा, आणि मग एकेक करत बाकीचे. वाहाकाचा किडा कोसळला. तेओतित्लानमध्येही पुड्यांतले रंग आले. स्वस्त, पटकन लागणारे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोचिनीया वापरणारी घरं बोटांवर मोजण्याएवढी उरली. तो परत आणणाऱ्यांमध्ये इसाक वास्केस गार्सिया या विणकराचं नाव पुढे असतं. त्याच्या दुकानाला नाव आहे ‘द बग इन द रग’, इंग्रजीत. गिऱ्हाईक कुठलं आहे ते ओळखून ठेवलेलं.

लालाच्या जोडीला निळा येतो निळीपासून, ती वाहाकातल्याच निल्तेपेक भागात होते. काळा आणि करडा देवबाभळीच्या शेंगांतून, तपकिरी अक्रोडाच्या सालींतून. रंग पक्का धरायला तुरटी, आपल्या रंगाऱ्यांसारखीच. आणि पिवळा मिळतो ‘पेरिकोन’पासून, म्हणजे झेंडूच्या रानटी बहिणीपासून. कारण झेंडू मूळचा तिथलाच. दसऱ्याला आपण दाराला जे तोरण लावतो आणि गाडीला जो हार घालतो, ते फूल मेक्सिकोतून आलेलं आहे. तिथे त्याला सेंपासुचिल म्हणतात.

*

इसाक वास्केसच्या गोष्टीत एक माणूस येतो, त्याच्याशिवाय वाहाकाबद्दल काही लिहिता येत नाही. फ्रान्सिस्को तोलेदो. १९४०चा जन्म, घराणं हुचितानचं, म्हणजे सापोतेकच, पण समुद्राकडचं. विशीत पॅरिसला गेला, तिथे तामायोनं त्याला हात दिला, पाच वर्षांत परत आला. खेकडे, माकडं, बेडूक, टोळ आणि माणसं एकमेकांत मिसळलेली अशी त्याची चित्रं. बोलायला लाजाळू आणि भांडायला खंबीर. २००२मध्ये वाहाकाच्या मुख्य चौकात मॅकडोनाल्ड्स येणार असं कळल्यावर या माणसानं चौकात लोकांना फुकट तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, वाटले. मॅकडोनाल्ड्स आलं नाही. १९८८मध्ये त्यानं स्वतःच्या घरात मुद्राचित्रांची संस्था आणि ग्रंथालय काढलं. २०१९मध्ये तो गेला.

हा तोलेदो १९७०च्या दशकात तेओतित्लानच्या विणकरांकडे आपली चित्रं घेऊन आला, आणि वास्केससारख्यांनी ती विणली. आता यात ‘काम’ कुणाचं? आराखडा तोलेदोचा. पण कागदावरच्या पुसट रेषेचं लोकरीत काय करायचं, कोणता लाल कोचिनीयात किती वेळ बुडवून काढायचा, गोलाई कुठे पायऱ्यांत मोडायची, हे निर्णय मागावर होतात. युरोपातही हेच चालत आलं आहे. राफाएलच्या नावाच्या जवनिका ब्रुसेल्सच्या मागांवर निघाल्या, नाव राफाएलचं. तोलेदोचा हेतू चांगला होता, गावाला त्यातून काम आणि आत्मविश्वास मिळाला, हे सगळं खरं. तरी चित्रकार आराखडा देतो आणि विणकर विणतो, ही शिडी तशीच राहिली.

मेंदोसानं शिडी काढून टाकली ती दोन्ही माणसं एकाच अंगात घेऊन. चित्रकार आणि विणकर दोघेही तोच, त्यामुळे नाव कुणाचं हा तंटाच मिटला. दोष काढायचा तर एवढाच, की हा उपाय एका माणसापुरता आहे. प्रत्येक विणकराला गॅलरी उघडता येत नाही.

*

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. कमरेच्या मागावरून बायका उठल्या आणि पावड्यांच्या मागावर पुरुष बसले, असं वर लिहिलं. मग बायका काय करत होत्या? लोकर धुणं, पिंजणं, कातणं, रंगवणं, कांड्या भरणं. गालिच्याचे अर्धे दिवस त्यांचे, आणि विकताना पुढे पुरुष. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकोतले पुरुष अमेरिकेत शेतमजुरीला गेले. तेओतित्लानचेही गेले. माग रिकामे पडले आणि त्यांवर बायका बसू लागल्या. पुढे त्यांनी स्वतःचे गट काढले, स्वतःच विकू लागल्या. लिन स्टीफन या मानववंशशास्त्रज्ञ बाईनं या गावच्या बायकांवर अख्खा अभ्यास लिहिला आहे. त्यातली ‘गेलागेत्सा’ची वही मला फार ओळखीची वाटली. लग्नाला, सणाला कुणी किती मका, किती टर्की, किती कोको दिला ते वहीत लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करायचं. आपल्या आहेराच्या वहीसारखी, पण जास्त कडक. माग थांबला तरी ती वही थांबत नाही, आणि गालिचा विकून आलेला पैसा बऱ्याचदा तिच्यात जातो.

स्थलांतर ब्रासेरोवर संपलं नाही. पोर्फिरियो गुतिएर्रेस १९७८चा, त्याच गावचा, त्याच विणकामातला. अठराव्या वर्षी कॅलिफोर्नियाला गेला, अनेक वर्षं घरी परतलाच नाही. परतला तेव्हा गावात नैसर्गिक रंग जाणणारी माणसं किती कमी उरली आहेत ते त्याला दिसलं, आणि घरच्यांना सोबत घेऊन तो पुन्हा त्या कामाला लागला. आज त्याचं एक पाऊल कॅलिफोर्नियातल्या व्हेंच्युराला, दुसरं तेओतित्लानला. त्याची काही कामं आता कुठल्याही नक्षीत बसत नाहीत. मोठमोठे रंगांचे पट्टे, रिकाम्या जागा, रस्त्यासारख्या तुटक रेषा. कलासमीक्षक त्यांना अमूर्त म्हणतात. घराण्याच्या रंगांचे नमुने हार्वर्डच्या फोर्ब्स रंगसंग्रहात आहेत, जिथे जगभरातले रंग बाटल्यांमध्ये भरून कपाटात ठेवले आहेत. ज्या किड्याचं गुपित जपायला स्पेननं जिवाचं रान केलं, तो आता लेबल लावून काचेमागे आहे.

गावात मात्र सगळं गुलाबी नाही. २००६मध्ये वाहाका शहरात शिक्षकांचं आंदोलन पेटलं, कित्येक महिने पर्यटक फिरकले नाहीत आणि तेओतित्लानमध्ये गालिच्यांचे गठ्ठे घरात पडून राहिले. २०२०मध्ये तेच पुन्हा. पर्यटकाच्या पायानं चालणारा धंदा पर्यटकाच्या पायानंच बसतो. कोचिनीयाचा गालिचा रासायनिक रंगाच्या गालिच्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात. दोन्हींवर पाटी ‘नैसर्गिक रंग’. पाहुण्याच्या तळहातावर दाणा चिरडून दाखवला म्हणजे मागच्या भिंतीवरचा गालिचा त्याच रंगात बुडवला होता असं होत नाही.

*

अर्नुल्फो मेंदोसा २०१४च्या मार्चमध्ये गेला. साठीही पुरी झाली नव्हती.

दर वर्षी १ नोव्हेंबरला, आपल्या दिवाळीच्या आगेमागे, तेओतित्लानच्या घराघरांत देवघरापुढे सेंपासुचिलचे ढीग लागतात. कोपाल धुपाचा धूर, गोड पाव, चॉकलेट, फळं, मेस्काल नावाची दारू, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते. दुपारी तीन वाजता आत्मे घरी येतात असं गाव मानतं. ते एक दिवस राहतात. पाहुणे येत-जात राहतात, तामाले वाफवत राहतात, आणि माणसं एकमेकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडच्या मृतांनाही भेटून येतात. २ तारखेला पुन्हा तीन वाजता आत्मे निघतात. त्यांना पोचवायला माणसं दफनभूमीपर्यंत जातात, फुलं मांडतात, उजेड असेतो थडग्यांपाशी बसून राहतात.

सेंपासुचिल मग काही दिवस तसाच पडून सुकतो. पेरिकोनची तोड मात्र त्याआधीच झालेली असते. पाऊस संपताना डोंगरावर तो फुललेला असतो तेव्हाच जुड्या बांधून माळ्यावर टांगतात, वर्षभराच्या पिवळ्यासाठी.